अकरा महिन्यांचा अभ्यासक्रम

भाचा बारावी झाला. परवा ताई आणि तो पेढ्यांबरोबर एक गुळगुळीत माहितीपत्रकही घेऊन आले. वर काचेचा टॉवर, खाली पिवळी हेल्मेटं घालून हसणारी मुलं आणि ठळक अक्षरांत : 'रिअल इस्टेट डेव्हलपमेंट पदविका. कालावधी ११ महिने.'

"मामा, आर्किटेक्चरला पाच वर्षं, सिव्हिलला चार. इथे अकरा महिन्यांत डेव्हलपर!"

"तूच सांग बाबा," ताई म्हणाली. "तुला बिल्डर लोकांचा अनुभव आहे."

आहे खरा. म्हणून सांगितलं. वायरमनला परवाना लागतो, रिक्षावाल्याला बॅज. फ्लॅट दाखवायला नेणाऱ्या एजंटालासुद्धा महाराष्ट्रात २०२३ पासून परीक्षा पास व्हावी लागते. बिल्डरला? २०१६ चा रेरा कायदा त्याच्याकडे जमिनीची कागदपत्रं मागतो, ग्राहकांचे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवायला लावतो. मार्कशीट मागत नाही. आमच्या बिल्डरची मीही मागितली नव्हती. माझ्या पगाराच्या स्लिपा, तीन वर्षांचे फॉर्म सोळा आणि बायकोचं पॅनकार्ड मात्र त्याच्या ऑफिसातल्या मुलीने पहिल्याच दिवशी ठेवून घेतलं.

पण माझं लक्ष त्या अकरावरून हलेना. हा आकडा महाराष्ट्रातला कुठलाही भाडेकरू झोपेत ओळखेल. लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचाच. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून कुणा पूर्वजाने एक महिना छाटला. पुढे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने आपल्याकडे मुदत कितीही असो, करार नोंदवायचाच असं ठरवलं. छाटण्याचं कारण गेलं, अकरा राहिले.

हा अकरा महिन्यांचा अभ्यासक्रम मी सहा वेळा पूर्ण केलाय. सहासष्ट महिने. बुकिंगच्या वेळी पझेशन 'येत्या दिवाळीला' होतं. कुठल्या, हे विचारायचं राहिलं. दर अकरा महिन्यांनी एक मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. कॅमेऱ्यात बघा, म्हणतो. अंगठा ठेवा. उमटला नाही. हात धुवून या. जरा दाबून. नाही. केसांवरून फिरवून बघा काका, तेल लागतं. केस असते तर! मी एम.ए. आहे, आणि माझ्या घरात, म्हणजे दुसऱ्याच्या घरात, टक्कल चोळत अंगठाबहाद्दर होऊन बसतो. मग मुद्रांक, नोंदणी, दलालाचं एक महिन्याचं भाडं. मालकाला मुलाचं लग्न काढायचं असलं की टेम्पो, गॅसची पत्ताबदली, आणि नव्या सोसायटीच्या सेक्रेटरीचा तोच प्रश्न, "स्वतःचं घर नाही का?" आहे हो! त्याचा हप्ता दर पाच तारखेला जातो. सातव्या मजल्यावर आहे. खालून मान वर केली की दिसतं : माझ्या स्वयंपाकघराच्या जागी, स्लॅबच्या फटीतून पिंपळ आलाय, चांगला कमरेएवढा. तो तिथे फुकट राहतो. त्याला पझेशन मिळालं. विलंबाचं व्याज द्यायचं, असं कायद्यात लिहिलंय. मी भांडून तशी ऑर्डरही मिळवली आणि लॅमिनेट करून घेतली. ऑर्डरवर पाणी सांडलं तर काही होत नाही, आणि ऑर्डरने बिल्डरलाही काही होत नाही. गेल्या महिन्यात त्याच्या नव्या टॉवरची जाहिरात आली, पहिल्या पानावर. पझेशन दिवाळीला! कोण घेतं तिथे फ्लॅट? मीच घेतो. माझ्यासारखेच स्लिपा हातात धरून रांग लावतात.

आवाज चढला असावा. ताईने पेढ्याचा बॉक्स माझ्यापासून लांब सरकवला.

"म्हणजे सिव्हिल घेऊ का, मामा?" भाच्याने हळूच विचारलं.

"सिव्हिल घेतलंस तर बिल्डरकडे नोकरी करशील. आर्किटेक्ट झालास तर त्याच्याकडून फी वसूल करत बसशील."

"आणि बिल्डर व्हायला?"

बेल वाजली. लॅपटॉपवाला मुलगा. सातवा करार.

"काका, एक साक्षीदार आयत्या वेळी येत नाही म्हणतोय. घरात कुणी आहे का?"

सगळ्यांनी भाच्याकडे बघितलं. गेल्याच महिन्यात अठरा पूर्ण झाली होती, आधार कार्ड खिशात होतं. त्याने माहितीपत्रक पेढ्यांच्या बॉक्सवर ठेवलं, पँटला हात पुसला आणि अंगठा यंत्रावर टेकवला.

पहिल्याच फटक्यात उमटला.