दाब, धर, सोड

क्लचचं पेडल खाली गेलं ते वर यायचं विसरलं. मागे टोमॅटोचे क्रेट, पुढे नारायणगावच्या बाजाराचं गेट आणि मागची रांग हॉर्न वाजवून आमच्या खानदानाची चौकशी करतेय. मी बुटाच्या टोकाने पेडल वर उचललं, पुन्हा दाबलं, पुन्हा उचललं. असं करत करत पिकअप घरी आणली.

शेजारच्या गॅरेजचा पोरगा वाकून पायपुसणीला बोट लावून म्हणाला, "सर, मास्टर गेलाय. ब्रेक ऑइल सगळं खाली उतरलंय."

"ऑइल नव्हे रे, फ्लुइड. खरं ऑइल घातलंस तर आतली रबरं फुगून बसतील."

"हां, तेच. ऑइल."

तिथेच मी ठरवलं, हे काम आपण स्वतः करायचं. पास्कलचा नियम एकतीस वर्षं फळ्यावर शिकवलेल्या माणसाने क्लचसाठी दुसऱ्याच्या दारात जावं?

पास्कलवर माझा जीव आहे. जन्म १६२३चा. वडील करवसुलीच्या आकडेमोडीत बुडालेले, म्हणून पोराने विशीच्या आतच आकडे मोजणारं यंत्र करायला घेतलं. आमच्या पोराने विशीत फक्त आमचे पैसे मोजले. पण माझी खरी आवडती गोष्ट पुढची. १६६२ साली पास्कलने पॅरिसमध्ये ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या भाड्यात धावणाऱ्या घोडागाड्या सुरू करवल्या. पाच सू द्या, बसा, उतरा. म्हणजे एसटीच! हे मी दरवर्षी इतक्या रंगात येऊन सांगायचो, की एकाने उत्तरपत्रिकेत 'एसटीचा शोध पास्कलने लावला' असं लिहिलं आणि मी त्याला अर्धा गुण दिला. त्या गाड्यांत शिपाई, नोकरचाकर आणि मजुरांना बसायला बंदी होती, हे मात्र वर्गात सांगायचं राहून जायचं. त्याच वर्षी पास्कल वारला, एकोणचाळिसाव्या वर्षी.

असो. नियम असा, की कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे तेवढाच पोचतो. 'कोंडलेल्या' या शब्दाखाली मी दोन रेघा मारायचो. माझा द्रव पायपुसणीत होता.

जुना मास्टर सिलिंडर काढायला डोकं पेडलपाशी आणि पाय दाराबाहेर असं झोपावं लागलं. येणारेजाणारे पायांना नमस्कार घालून गेले. सिलिंडर उघडला तर आत गंज आणि चहाच्या चोथ्यासारखा काळा गाळ. हे फ्लुइड हवेतली ओल पीत राहतं, म्हणून दर दोनेक वर्षांनी बदलायचं असतं. मला हे माहीत होतं. मी नऊ वर्षांत एकदाही बदललं नव्हतं.

नवा मास्टर बसला. आता एअर काढायची. याला दोन माणसं लागतात: एक वर पेडलवर, एक खाली निपलपाशी पाना घेऊन. हिला हाक मारली.

"दाब. धर. आता सोड."

"धर म्हणजे किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

"तुमचं 'मी सांगेपर्यंत' लग्नापासून चाललंय."

वीस वेळा झालं, तरी पेडल पावासारखं मऊ. मी खालूनच ओरडलो, "तू आधीच सोडतेस, त्यानं हवा आत ओढली जाते!" वर थोडा वेळ काही आवाज नाही. मग तिचा थंड स्वर, "अहो, ती फ्लुइडची बाटली रिकामी आहे का बघा."

रिकामी होती. भरायचं काम माझं होतं. घाईघाईत ओतताना अर्धं मडगार्डवर सांडलं. मी फडक्याने नुसतं पुसलं आणि पुन्हा खाली शिरलो.

"दाब."

"अहो, इथून रस्ता केवढा मोठा दिसतो."

नऊ वर्षं ही रोज पहाटे याच गाडीत बसली होती. डाव्या बाजूला, मांडीवर हिशेबाची वही. स्टिअरिंगपुढे ती आज पहिल्यांदा बसली होती, तेही माझी हवा काढायला. पाना हातात तसाच राहिला. निपल घट्ट केला. काही बोलायला सुचलं नाही.

"सोडू का?" तिने विचारलं.

"सोड."

पेडल टणक वर आलं. ती ते आणखी दोनदा दाबून बघत बसली. उतरायला मीही सांगितलं नाही.

संध्याकाळी गॅरेजचा पोरगा आला. मडगार्डवर पंजाएवढा रंग सुटून आतला पत्रा दिसत होता. ताबडतोब पाणी ओतलं असतं तर वाचला असता.

"सर, ऑइल सांडलं वाटतं?"

"हो," मी म्हणालो. "ऑइल."