बर्फवृष्टीबाईंना बिरवाडीहून अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती बर्फवृष्टी,
मुक्काम पीर पंजाल, शाखा रोहतांग व सोलंग.

विषय : नाताळच्या सुट्टीत सोसाट्याच्या वाऱ्यासह बिरवाडीस येणेबाबत.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की टीव्हीवर तुमच्याशिवाय दुसरं कुणी नसतं. काश्मीरला हिमवृष्टीचा इशारा, हिमाचलात वाऱ्यासह बर्फ, पर्यटकांनी काळजी घ्यावी. हे सगळं बिरवाडीच्या नाक्यावरच्या चहाच्या टपरीतही दिसतं. तिथे बसलेल्या माणसाला उद्या पाहुण्यांकडे भोरला जायचं असतं, नाहीतर सुट्टीवर येणाऱ्या भावाला आणायला महाडच्या स्टँडवर जायचं असतं. सोनमर्गला किती बर्फ पडणार हे त्याला पाठ होतं. उद्या घाटात काय असेल हे मात्र वरून उतरलेल्या टेम्पोवाल्यालाच विचारावं लागतं. यावर तोडगा म्हणून बिरवाडीकरांनी तुम्हालाच इकडे बोलवायचं ठरवलं आहे.

पत्ता नीट लिहून घ्यावा. रायगडातच रोह्याकडे बिरवाडी नावाचा किल्ला आहे आणि ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यात आणखी एक बिरवाडी आहे. मोबाइलवरचा हवामानाचा अंदाज अधूनमधून या तिघींची गल्लत करतो. पत्र धाडणारी बिरवाडी महाड तालुक्यातली. औद्योगिक वसाहतीच्या शेजारची, वरंध घाट आणि शिवथरघळ या दोन्हींकडे जाणाऱ्या माणसांच्या ओळखीची.

तुमच्या येण्यात काही अडचणी आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. पहिली अडचण उंचीची. भरतीचं पाणी सावित्रीतून थेट महाडच्या आसपास चढतं, यावरून हा मुलूख समुद्रापासून किती वर असेल ते समजून घ्यावं. दुसरी अडचण शेजाराची. याच जिल्ह्यातल्या भिऱ्याने २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंशांची नोंद करून मार्च महिन्यातच देशभरच्या बातम्यांत नाव मिळवलं होतं. आणि थंडीची इकडची पातळी अशी की किनाऱ्यावरच्या केंद्रावर किमान तापमान १५ अंश किंवा त्याखाली गेलं आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी कमी असलं, तर हवामान खातं तिथे थंडीची लाट जाहीर करू शकतं. पंधरा अंशांना तुमच्याकडे बहुधा लोक स्वेटर उतरवून ठेवतात. इकडे त्याच तापमानात कानटोपी चढते, वालाच्या शेंगांची पोपटी लागते आणि आंब्याला मोहोर धरेल म्हणून बागायतदार खूश होतो.

एक तक्रार मात्र तुमच्या हिताची आहे. तुमच्या नावावर महाबळेश्वरला एक तोतया वावरतो आहे. दर डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे वेण्णा तलावाच्या धक्क्यावर, लिंगमळ्याच्या गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो. दुपारपर्यंत ‘महाबळेश्वरात बर्फ’ अशी बातमी होते आणि संध्याकाळपर्यंत पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढणाऱ्या गाड्यांची रांग लागते. वास्तविक तो आकाशातून पडलेला नसतो. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने वर सोडून देते, गार हवा जड होऊन तलावाकाठच्या खोलगट भागात साठते आणि गवताच्या पात्यावरचं दव तिथल्या तिथे गोठतं. त्याच पहाटे गावातल्या वेधशाळेत पारा सहा-सात अंशांवर असू शकतो, कारण तिथली मोजणी जमिनीपासून थोडी वर, सावलीच्या पेटीत होते. तोतयाचं सगळं राज्य त्या वीतभर उंचीत चालतं. स्ट्रॉबेरीवाल्या शेतकऱ्याला मात्र तो खरा वाटतो, कारण पान करपतं ते करपतंच.

या तोतयाला वाऱ्याचं वावडं आहे. रात्री वारा सुटला की वरची तुलनेने उबदार हवा खाली मिसळते आणि दव गोठत नाही. म्हणजे सह्याद्रीत पांढरं काही दिसायला हवं असेल तर वारा पडलेला हवा. तुम्ही बर्फ आणि वारा दोन्ही एकदम घेऊन फिरता, ती सोय इथे नाही. विषयाच्या ओळीत ‘सोसाट्याच्या वाऱ्यासह’ लिहिलं आहे ते केवळ पत्राला वजन यावं म्हणून.

तुमचे दूत तसे इकडे येऊन गेलेले आहेत. ज्या पश्चिमी झंझावातांच्या पाठीवर बसून तुम्ही भूमध्य समुद्राकडून हिमालयात उतरता, त्यांचं शेपूट कधीकधी महाराष्ट्रापर्यंत पोचतं. २३ जानेवारी २०२२ च्या रविवारी पाकिस्तानाकडून आलेल्या धुळीने मुंबई आणि कोकणचं आकाश पांढुरकं झालं आणि मुंबईत दिवसाचा पारा २४ अंशांच्या खाली राहिला. त्याआधी १ डिसेंबर २०२१ ला भर थंडीत पाऊस झाला, वर गार वारा सुटला आणि पुणे जिल्ह्यात जुन्नर-आंबेगावकडे शेकडो मेंढ्या गारठून मेल्या. तुमची बहीण गारपीट तर फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाडा-विदर्भातली उभी पिकं झोपवून गेली. तेव्हा घराणं ओळखीचं आहे, फक्त तुमची स्वारी राहिली.

आता बोलावण्यामागचा खरा स्वार्थ. तुम्ही पडलात की यंत्रणा हलते, असं बिरवाडीकरांनी टीव्हीवर पाहिलं आहे. २७ डिसेंबर २०२४ ला सोलंग नाल्यात तुम्ही अचानक उतरलात, सुमारे हजार गाड्या आणि पाच हजार पर्यटक अडकले आणि कुल्लूच्या पोलिसांनी त्यांना रात्री बाहेर काढलं. घसरणाऱ्या गाडीला हाताने धरून ठेवणारे पोलीस देशाने पाहिले. रस्ता कुठून बंद, पुढे कोणती गाडी जाईल, कोणती परत फिरेल, हे सांगायला तिथे माणूस उभा असतो. आंबेनळीत दाट धुक्याच्या पहाटे असा माणूस उभा असावा, एवढ्यासाठी तुम्ही यायला हवं आहे.

अर्थात तुमच्या बाबतीतही सगळं वेळेवर होतं असं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये ऐन नाताळात अमेरिकेत तुम्ही वाऱ्यासह धुमाकूळ घातलात. साउथवेस्ट या एकाच विमान कंपनीची सोळा हजारांवर उड्डाणं रद्द झाली; तिकडे असलेल्या कितीतरी मराठी घरांत आजी-आजोबांची बॅग भरलेलीच राहिली. न्यू यॉर्क राज्यातल्या बफेलोच्या हवामान कार्यालयाने हे वादळ पिढीतून एखाद्या वेळी येणारं आहे असं काही दिवस आधी सांगून ठेवलं होतं. गाड्या रस्त्यावर आणू नका, हा बफेलो ज्यात येतं त्या ईरी परगण्याचा हुकूम मात्र २३ डिसेंबरच्या सकाळी निघाला आणि तासाभरातच अमलात आला. तोवर माणसं कामाला निघाली होती. त्या परगण्यात चाळीसहून अधिक लोक दगावले. अंदाज अचूक, वेळेच्या पुष्कळ आधीचा, जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातला. निर्णय तेवढा उशिरा आला.

बिरवाडीकरांना ही गोष्ट परकी वाटली नाही.

तुमच्या जागी इकडे पाऊस असतो आणि नाताळच्या जागी आषाढ-श्रावण, गणपती. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल पुरात वाहून गेला. जयगडहून मुंबईला आणि राजापूरहून बोरिवलीला निघालेल्या दोन एस.टी. आणि एक खासगी गाडी अंधारात पाण्यात गेल्या. चाळीसच्या आसपास माणसं गेली. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला. वर तोतया बर्फ दिसतो तो तिथेच वितळतो, पण वर पडलेला पाऊस खाली पोलादपूर, महाडला येतोच. नवा पूल पुढे अवघ्या १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये वाहतुकीला खुला झाला. पूल बांधायला एवढी घाई करता येते, हे त्यामुळे सगळ्यांना कळलं.

जुना पूल गेल्यावर पाचेक वर्षांनी, २२ जुलै २०२१ ला, महाबळेश्वरला पाऊस कोसळला तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर भरला. हवामान खात्याच्या हिशेबात २०४.५ मिलिमीटरपासून पुढे सर्वांत वरचा वर्ग सुरू होतो. महाडच्या बाजारपेठेत माणसाच्या उंचीहून जास्त पाणी चढलं आणि त्याच संध्याकाळी याच तालुक्यातल्या तळियेवर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसं एका वाडीतून गेली. त्या दिवशी रायगडला लाल रंगाचा इशारा होता.

या रंगांविषयी तुम्हाला कल्पना असेलच. हिरवा म्हणजे निश्चिंत, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. उरणपासून पोलादपूरपर्यंत पंधरा तालुक्यांना मिळून एकच रंग येतो. शेजारच्या पुणे-साताऱ्याला घाटमाथ्याचा रंग वेगळा मिळतो, रायगडाला समुद्र आणि सह्याद्री एकाच रंगात रंगवून घ्यावे लागतात. बरं, रंग लाल आला तरी कृती कुणी करायची? तलाठ्याने, एस.टी.च्या चालकाने, दरडीखाली घर असलेल्या म्हातारीने, की दादरहून रात्री दहाला निघालेल्या चाकरमान्याने? तो रंग मोबाइलवर पोचलेला असतो. ‘महाडच्या पुढे आज रात्री येऊ नका’ हे वाक्य पोचलेलं नसतं.

याच खोऱ्यात हे वाक्य रोज बोललं जातं, पण रस्त्यावर नाही, रुळांवर. कोकण रेल्वेने आपल्या मार्गावर नऊ स्थानकांत आपोआप पाऊस नोंदणारी यंत्रं बसवली आहेत. त्यातलं एक माणगावला आहे. पुराचं पाणी सांगणारी यंत्रणा तीन पुलांवर आहे आणि त्यातले दोन इकडचेच : एक माणगाव आणि वीर यांच्या मधला, दुसरा वीर आणि सापे-वामने यांच्या मधला सावित्रीवरचा. वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं रत्नागिरीजवळच्या पानवल पुलावर, गोव्यात मांडवी आणि झुआरीवर आणि होन्नावरला शरावतीवर आहेत. मुसळधार पावसात पुढचं दिसेनासं झालं की गाडी ताशी ४० किलोमीटरवर आणायची, असा चालकांना हुकूम आहे. पावसाळ्यासाठी वेळापत्रकच वेगळं असतं. आकडा आला की काय करायचं ते आधीच लिहून ठेवलेलं आहे. ऐन वेळी कुणाला धाडसी व्हावं लागत नाही. प्रवासी ‘गाडी लेट आहे’ म्हणून कुरकुरतो आणि घरी पोचतो.

रुळांच्या आसपासचा महामार्ग त्याच पुरात आणि त्याच दरडींत राहतो. तिथे चालतं ते ‘बघू, जाऊन तर पाहू’. वरंध घाट पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने बंद होतो, कधी जड वाहनांना, कधी सगळ्यांनाच. पण आदेशाचा कागद आणि गुगलचा निळा रस्ता यांची भेट व्हायला वेळ लागतो, आणि तोवर परगावची गाडी घाटाच्या तोंडाशी येऊन नाक्यावरच्या माणसाला ‘काका, पुढे रस्ता आहे ना?’ असं विचारते. २८ जुलै २०१८ ला सहलीला महाबळेश्वरकडे निघालेली दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस आंबेनळीच्या दरीत कोसळली. तीसच्या आसपास कर्मचारी गेले, एकच वाचला. त्या घाटातून चढणाऱ्या प्रत्येकाला ते वळण कुणीतरी दाखवतंच.

हिवाळ्यात तर तेवढीही वर्दी नसते. आकाश निळं, अंदाज कोरडा, रंग हिरवा. सावित्रीच्या खोऱ्यात पहाटे धुकं इतकं दाट बसतं की पुढच्या ट्रकचा मागचा दिवा हाकेच्या अंतरावर आल्याशिवाय दिसत नाही, आणि नेमक्या त्याच आठवड्यात गोव्याला, रायगडावर, महाबळेश्वरला जाणारी सगळी मुंबई या रस्त्यावर असते. गणपतीत इथे जागोजागी पोलीस मदत केंद्रं लागतात, वाहतुकीचं वेळापत्रक निघतं, जड वाहनं थांबवली जातात. सप्टेंबर २०२३ मध्ये कशेडीच्या नव्या बोगद्याची एक बाजूही गणपतीसाठीच घाईने उघडली होती. म्हणजे हे करता येतं, हे माहीत आहे. ३१ डिसेंबरला मात्र प्रत्येक गाडी आपापल्या नशिबावर असते.

तरी बाई, कृपावंत होऊन एकदा यावं. वाडीभर पडू नये, त्याने वालाचं पीक जाईल. आंबेनळीच्या माथ्यावर चार बोटं आणि कशेडीत दोन बोटं पुरेत. कॅमेरे येतील, कॅमेऱ्यांमागून साहेब येतील आणि साहेबांबरोबर एक लोखंडी अडथळा, एक विजेरी आणि ‘थांबा, धुकं उतरेपर्यंत गाडी सोडणार नाही’ असं म्हणायचा अधिकार असलेला एक माणूस येईल. मग तुम्ही लगेच वितळलात तरी बिरवाडीकरांची तक्रार नाही. त्या माणसाला तेवढं परत नेऊ नये.

कळावे, लोभ असावा,
समस्त बिरवाडीकर,
ता. महाड, जि. रायगड.

ता. क. : रेल्वेने येणार असाल तर वीरला उतरावं. तिथे थोड्याच गाड्या थांबतात, दिवा–सावंतवाडी थांबते. रस्त्याने येणार असाल तर जोडून आलेल्या सुट्टीत माणगावच्या कोंडीत निम्मा माल वितळणार हे धरून बर्फ जास्तीचा घ्यावा.