भियांचा ट्रिमर

दुसऱ्याची वस्तू दुरुस्त करून द्यायची खाज असलेला एक तरी माणूस प्रत्येक कॉलनीत असतो. देवासला आमच्याकडे भिया आहेत. मिक्सर, कुकरची शिट्टी, शेजाऱ्यांचा गीझर एवढ्यावर भागत होतं तोवर कुणाची तक्रार नव्हती. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली, सलूनची शटरं खाली आली आणि भियांची नजर वस्तूंवरून डोक्यांकडे वळली.

अनुष्काने विराट कोहलीचे केस स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापले, तो व्हिडिओ त्यांनी घरोघरी पाठवला. ‘एवढा मोठा माणूस, पण बसला ना गुपचूप?’ तिथे कापणारी बायको होती, ही बाब त्यांच्या लेखी किरकोळ. मास्कमुळे चेहरे झाकलेले, पण भियांचं काही अडत नव्हतं. ते कपाळाच्या वरच बघून बोलत. ‘कल्ले फार उतरलेत रे तुझे.’

सरळ नाही म्हणून उपयोग नव्हता. नकार म्हणजे संकोच, असं ते धरून चालत. मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती असे देव पुढे केले, तर ते रविवारी सकाळी हजर. एप्रिलमध्ये शेजारच्या खरगोन जिल्ह्यातल्या बडगावात न्हाव्याच्या एकाच कापडामुळे सहाजणांना लागण झाल्याची बातमी आली. ती मी तत्परतेने वाचून दाखवली. ‘बरोबर आहे,’ भिया म्हणाले, ‘चादर तुझ्या घरची घेऊ.’

४ मेपासून हिरव्या आणि नारिंगी जिल्ह्यांत सलून उघडायला केंद्राने मुभा दिली. आमचं देवास आणि भियांच्या बहिणीचं धार, दोन्ही लाल. ही बातमी सांगताना भियांच्या आवाजात दुःख नव्हतं.

धारच्या मेहुण्यांचे केस त्यांनी व्हिडिओ कॉलवरून कापले. मशीन बहिणीच्या हातात, हुकूम देवासहून. संस्थानी काळात दोन्हीकडे राज्य पवारांचंच होतं, तरी देवासचा हुकूम धारेत चालवून बघायची कल्पना त्यांना कधी सुचली नसावी. नेमकं ‘आता थांब’ म्हणताना नेटवर्क गेलं. चित्र थांबलं, मशीन चालू राहिलं. पुढे बरेच दिवस मेहुण्यांचा कॅमेरा ‘बिघडलेला’ होता.

हे सगळं कानावर येऊनही मी बसलो. कारण कर्फ्यूत आईच्या बीपीच्या गोळ्या भियाच आणून देत होते. अर्ध्या कॉलनीची औषधं त्यांच्या स्कूटरवरून यायची, वर पेट्रोलचा विषय काढला की रागवायचे. अशा माणसाला गोळ्यांचे पैसे देता येतात, डोकं नाकारता येत नाही.

गच्चीवर प्लॅस्टिकची खुर्ची, गळ्याभोवती चादर, मागे कपडे वाळत घालायचा चिमटा. ‘घाबरू नको यार, आपल्या गावच्या प्रेसमध्ये नोटा कापल्या जातात, केसांचं काय घेऊन बसलास?’ सुरुवात खरोखर बरी झाली. मग उजव्या कानामागे मशीनच्या तोंडावरचा प्लॅस्टिकचा कंगवा टक्‌ करून उडाला आणि थेट टाळूपर्यंत गार वारा लागला. भिया काही क्षण गप्प. मग, ‘डावीकडे जुळवून घेऊ.’ ते जुळलं नाही. आरशात पाहिलं तर देवासच्या जुन्या संस्थानांसारखं माझं डोकं सीनियर आणि ज्युनियर असं वाटलं गेलं होतं. मधून सरहद्द, दोन्हीकडचा कारभार वेगळा.

वहिनी चहा घेऊन वर आल्या, माझ्याकडे पाहिलं, चहा ठेवून खाली गेल्या आणि काही न बोलता भियांची कानटोपी घेऊन आल्या. मे महिना होता.

सलून उघडलं तेव्हा भिया सोबत आले, मार्गदर्शनाला. कारागिराने कंगव्याने केस वर उचलून कानामागची जागा बघितली, बोट फिरवलं, दुसऱ्या खुर्चीवरच्याला खुणेने बोलावलं.

‘भिया, ये आपने काटे?’

‘तुम्हारी दुकान बंद थी ना,’ भिया छाती काढून म्हणाले.

‘अगली बार बंद हो,’ तो कात्री उचलत म्हणाला, ‘तो मुझे घर बुला लेना.’