सामाईक आप्पा

एखादी वस्तू एकट्याच्या मालकीची असणं हा काही माणसांना दोष वाटतो. सुरतेतल्या उधन्याच्या मराठी वस्तीत दर गल्लीला असा एक आप्पा असतोच. शेजारी नवा फ्रिज आला की बाकीचे किंमत विचारतात, आप्पा विचारतात, "यात दुसरं कोण आहे?" दुसरं कोणी नाही म्हटलं की त्यांना मनापासून वाईट वाटतं.

आप्पा कंजूष नाहीत, हे आधी सांगून टाकतो. कंजूष माणूस पैसे वाचावेत म्हणून भागीदार शोधतो. आप्पा भागीदार मिळावा म्हणून पैसे घालतात. गल्लीतली शिडी चार घरांत आहे. ती वापरली जाते दिवाळीच्या रंगकामाला, पण शिडीची बैठक दर महिन्याला होते. चिटणीस अर्थातच आप्पा. पेपर दोन घरांत आहे. पुढची पानं सकाळी आप्पांकडे, मागची समोरच्या घरात, आणि संध्याकाळी अदलाबदल. समोरच्यांना क्रिकेटचा निकाल चहाबरोबर कळतो. सरकार पडल्याचं दिवेलागणीला.

बोलायला त्यांच्याकडे तीन भाषा आहेत आणि तिन्हींची खाती वेगळी. कल्पना सुचली की ती अहिराणीत येते: "मी काय म्हनस, भो..." ठराव मांडायचा झाला की शुद्ध मराठी, तीही 'सदरहू' आणि 'उपरोक्त'सकट. आणि पैशाचा विषय निघाला की गुजराती: "हिसाब पछी." हिशेब नंतर. उधन्यात राहणाऱ्या खानदेशी माणसाला हे ऐकून काही वेगळं वाटणार नाही.

या स्वभावाचं मूळ नवापूरच्या फलाटावर आहे, असं माझं मत. आप्पा तापी लाइनवरचे. उधन्याहून जळगावच्या दिशेने निघालं की बारडोली, व्यारा मागे पडतं आणि गाडी नवापूरला थांबते, अर्धी एका राज्यात आणि अर्धी दुसऱ्या. १९६० साली महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि सीमारेषा नेमकी या स्टेशनातून गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत. घोषणा चार भाषांत. फलाटावरच्या एका बाकावर मधोमध रेघ मारून एका बाजूला महाराष्ट्र आणि दुसऱ्या बाजूला गुजरात लिहिलेलं आहे. लोक तिथे फोटो काढतात. आप्पा रेघेवर बसतात, बरोबर मधे, दोन्ही राज्यांत सारखे. त्यामुळे तिसऱ्या माणसाला कुठल्याच राज्यात जागा उरत नाही.

अशा माणसाच्या कानावर ती बातमी पडायला नको होती. परदेशात कुठेतरी एका चर्चने आणि एका विद्यापीठाने मिळून नवा पाइप ऑर्गन घेतला. रविवारी प्रार्थनेला चर्चचा, एरवी शिकायला विद्यार्थ्यांचा. आप्पांना ऑर्गन ठाऊक होता तो संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा, नांदीचा. हा वेगळा, हे त्यांना समजावून सांगावं लागलं. यात सगळा खेळ थरथरणाऱ्या पट्ट्यांचा नसतो, नळ्यांतून वारा घुमतो. एका सुराला एक नळी, आवाजाचा रंग बदलायचा तर नळ्यांची दुसरी रांग. मोठ्या वाद्यात अशा हजारो नळ्या. सगळ्यात खर्जातली नळी दुमजली घराएवढी उंच असू शकते. वारा कोंडून ठेवायला पेटारा, तो सोडायला झडपा, रांगा उघडायला खटके. ते वाद्य विकत आणून ठेवता येत नाही, इमारतीत बांधावं लागतं.

"म्हणजे बांधकाम समितीपण आली," आप्पा म्हणाले.

आठवडाभर ते झोपले नाहीत. विद्यापीठ तर आपल्या उधना-मगदल्ला रोडवरच आहे. चर्च सुरतेत आहेतच. नळ्या? पांडेसऱ्याच्या डाइंग मिलांत जा, मोजता येणार नाहीत. वारा? एअरजेट लूमला कॉम्प्रेसर लागतो, त्या कॉम्प्रेसरचा वारा लूम बंद असताना फुकटच जातो. आप्पांनी कागदावर कॉम्प्रेसरपासून वेदीपर्यंत एक लाइन ओढली. लूम बंद कधी असतो, हे मात्र कोणी विचारलं नाही. उधन्यात हा प्रश्न वीज कंपनीलाच विचारायचा असतो. पत्राचा मसुदा तयार झाला. तो अजून गेलेला नाही, कारण मायन्यात आधी विद्यापीठ लिहायचं की चर्च, यावर ठराव बाकी आहे.

तोवर सराव म्हणून आप्पांनी हाताशी असलेलं वाद्य सामाईक केलं. ते म्हणजे देवळाच्या भजनी मंडळाची पेटी. दुसरा भागीदार, शेजारच्या हॉलमधला मुलांचा गाण्याचा वर्ग. मंडळातल्या एका म्हाताऱ्याने शंका काढली, "देवळाची पेटी परक्याला कशी द्यायची?" त्यावर आप्पांनी इतिहास काढला, आणि इतिहास बरोबर होता. पेटी मुळात आपली नाहीच. पॅरिसच्या अलेक्झांदर देबाँने १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिचा भाता पायाखालून काढून हाताशी दिला, तेव्हा ती मांडी घालून बसणाऱ्यांची झाली. आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षं तिला दारात उभं केलं नाही. एवढं सोसलेल्या बाईला दोन घरं मिळाली तर बिघडलं काय? म्हातारा गप्प झाला. पटलं म्हणून नव्हे, चहा आला म्हणून.

मग नियम झाले. पेटीच्या कपाटाला दोन कुलपं, एक मंडळाचं आणि एक वर्गाचं. दोन्ही किल्ल्यांशिवाय कपाट उघडायचं नाही. बँकेच्या लॉकरला असतं तसं, हे आप्पांचं समर्थन. पहिल्याच एकादशीला वर्गाच्या किल्लीवाल्यांची रात्रपाळी निघाली आणि भजन टाळ-मृदंगावर झालं. मंडळाचे बुवा काळी पाचला गातात, वर्गाच्या बाई मुलांना पांढरी एकला बसवतात. पट्टी सरकवायची सोय असलेली पेटी घ्यावी, असं कोणी सुचवलं, तर आप्पांनी मधली पट्टी सुचवली. मधल्या पट्टीत बुवा गुणगुणले आणि मुलं किंचाळली. लूमचा तंतू उडून सुरांत बसतो, मग एखादा सूर मुका होतो. तो साफ कोणी करायचा? ज्याच्या वेळेत मुका झाला त्याने. तेव्हापासून मुका सूर दोघांनाही ऐकू येतो, पण कोणी कबूल करत नाही. पंचम गेले कित्येक महिने बेवारस आहे. सूर पालीताण्याहून मागवता येतात, पालीताणा त्यासाठी प्रसिद्धच आहे. पण मागणीपत्रावर दोन सह्या हव्यात.

आणि आप्पा? इतकं सुखी आम्ही त्यांना कधी पाहिलं नव्हतं. वाजण्यात त्यांना रस नव्हताच. वाद्य गप्प असलं की बैठक होते, आणि बैठक झाली की आप्पांचा आवाज लागतो, तोही कुठल्याही पट्टीत.

शेवटी कॉलेजात शिकणाऱ्या एका पोराने त्यांना चीत करायचं ठरवलं. त्याने शोधून आणलं की केंब्रिजच्या ग्रेट सेंट मेरीज चर्चमध्ये, जे विद्यापीठाचंही चर्च आहे, एकाच छपराखाली दोन पाइप ऑर्गन आहेत. एक विद्यापीठाचा, मुळात १६९८ साली बर्नार्ड स्मिथने बांधलेला. दुसरा तिथल्या पॅरिशचा, म्हणजे रविवारी येणाऱ्या मंडळींचा, १९९१ सालचा. "बघा आप्पा, ज्यांना अक्कल आहे ते वेगवेगळे घेतात."

आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. आम्हाला वाटलं, संपलं. मग हळूच आवाज आला, "मी काय म्हनस, भो..."

दुसऱ्या पेटीची वर्गणी सुरू आहे. ही पेटीही मंडळ आणि वर्ग मिळूनच घेणार आहेत, म्हणजे दोघांच्या दोन. द्यायची असेल तर रोख आप्पांकडे द्या. पावती अर्धी लगेच मिळते; उरलेली अर्धी, दुसऱ्या चिटणिसांची सही झाल्यावर.