ओढगस्त गृहस्थ

पॉपअप कॅम्पर घेऊ पाहणारा गृहस्थ हा अमेरिकेतील मराठी माणसाचा एक स्वतंत्र पोटप्रकार आहे. न्यू जर्सी, इलिनॉय, टेक्सस आणि कॅलिफोर्निया येथील उपनगरांत तो विशेषकरून आढळतो. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, व्यवसाय संगणकाशी निगडित, दारात एक सिडान आणि एक मिनिव्हॅन. पॉपअपची इच्छा त्याला बहुधा तंबूत काढलेल्या एखाद्या पावसाळी रात्रीनंतर होते. कॅम्पग्राउंडला उतार आहे आणि तंबू नेमका उताराच्या तळाशी ठोकला आहे, हे त्या रात्री दोनच्या सुमारास सर्व कुटुंबाच्या ध्यानात आलेले असते. त्यानंतर घरात तंबू हा शब्द काढण्याची सोय राहत नाही. मोटरहोम परवडत नाही, आणि हॉटेलात राहिले तर मंडळाच्या गणेशोत्सवात सांगण्यासारखे काही उरत नाही. उरतो तो पॉपअप: बंद असताना गाडीमागे ओढायची छातीएवढ्या उंचीची पेटी, हँडल फिरवले की छप्पर वर जाते, दोन्ही अंगांना पलंग बाहेर सरकतात आणि मधल्या जागेला कापडी भिंती मिळतात.

या गृहस्थाचे पहिले लक्षण म्हणजे विषयाचा मुळापासून अभ्यास. लॉइड बॉन्ट्रेगर यांनी १९६८ साली इंडियानातील आपल्या शेतावर जेको कंपनी सुरू केली ती छप्पर उचलण्याच्या नव्या यंत्रणेच्या बळावर, ही माहिती तो जेवताना कोणी न विचारता पुरवतो. दुसरे लक्षण म्हणजे एक्सेलची फाइल. तीत अठरा रकाने असतात आणि रंगसंगती असते. तिसरे आणि निर्णायक लक्षण म्हणजे ३,५०० हा आकडा. टोयोटा सिएना आणि होंडा ओडिसी या दोन्ही मिनिव्हॅनची टोइंग कपॅसिटी, म्हणजे ओढण्याची क्षमता, ३,५०० पौंड सांगितली जाते, आणि मराठी कुटुंबाच्या दारातली मिनिव्हॅन या दोहोंपैकीच एक असते. वधूपित्याने स्थळाचा पगार सांगावा तशा सुरात तो हा आकडा सांगतो. पॉपअपचे वजन २,१०० पौंड, गाडीची ताकद ३,५००. म्हणजे १,४०० पौंड शिल्लक. फाइलमधील ही चौकट हिरवी असते.

चूक वजाबाकीत नाही, दोन्ही आकड्यांत आहे. २,१०० हे पॉपअपचे कोरडे वजन, म्हणजे कारखान्यातून निघतानाचे. त्यात बॅटरी नाही (५० पौंड), गॅसचा भरलेला सिलिंडर नाही (३७ पौंड), आणि छतावरचा एसी अनेकदा नाही (९० पौंडांच्या आसपास). पाणी तर नाहीच. अमेरिकन गॅलनभर पाण्याचे वजन ८.३४ पौंड, म्हणजे वीस गॅलनची टाकी भरली की १६७ पौंड झाले. याउपर अंथरुणे, खुर्च्या, जमिनीवर टाकायच्या सतरंज्या, पोळपाट-लाटणे, तवा आणि तीन लिटरचा कुकर. मराठी कुटुंब कॅम्पिंगला निघते तेव्हा दोन दिवस ब्रेडवर काढू असे ठरवते, आणि निघायच्या आदल्या रात्री खिचडीचे सामान, थालीपिठाची भाजणी, लोण्याचा डबा, लसणाची चटणी व ऐनवेळी लागेल म्हणून पाच किलो तांदूळ भरते. या संसाराचे १५० पौंड सहज होतात. तेव्हा २,१०० चा पॉपअप रस्त्यावर २,६०० चा असतो. म्हणून जाणकार कोरडे वजन पाहतच नाहीत. ट्रेलरच्या अंगावरील पट्टीवर छापलेले कमाल एकूण वजन, ज्याला जीव्हीडब्ल्यूआर म्हणतात, तेवढे गाडीला झेपते का, एवढेच पाहतात. हा नियम एका ओळीचा असल्यामुळे त्याला अठरा रकान्यांत जागा मिळालेली नसते.

दुसरा आकडा अधिक फसवा आहे. ३,५०० पौंड ही क्षमता ज्या चाचणीने ठरते ती जे-२८०७ या मानकानुसार होते. तीत गाडीत चालक आणि एक प्रवासी धरलेला असतो, प्रत्येकी १५० पौंडांचा. अशा कुटुंबाला मिनिव्हॅनची गरजच पडत नाही. मागच्या आसनांवर माणसे वाढली की ओढण्याची मर्यादा किती उतरते, याचा तक्ता काही उत्पादक माहितीपुस्तकात देतात. पण माहितीपुस्तक ग्लव्ह बॉक्समध्ये देवघरातल्या पोथीसारखे असते.

खरी मर्यादा कोठे लिहिली आहे, याचा शोध या गृहस्थाला नव्हे, त्याच्या पत्नीला लागतो. चालकाचे दार उघडले की खांबावर एक पिवळी-पांढरी पट्टी दिसते. प्रवासी आणि सामान यांचे एकत्रित वजन अमुक पौंडांपेक्षा कदापि जास्त नसावे, असे तीवर लिहिलेले असते. यालाच पेलोड म्हणतात. गाडीच्या मॉडेलला एक आकडा असतो, परंतु ही पट्टी त्या एका गाडीची असते; सनरूफ आणि मागच्या आसनांसाठी बसवलेला व्हिडिओचा पडदा यांचे वजन त्यातून आधीच वळते झालेले असते. पट्टीवर १,२०० पौंड आहेत असे समजू. पतिराज १७५, पत्नी १४०, मुले ९० आणि ७०. येथवर ४७५. या टप्प्यावर पत्नी विचारते, "यात आई-बाबा धरलेत का?" आई-बाबा सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले असतात आणि त्यांना अमेरिका दाखवणे हेच तर पॉपअपचे अधिकृत कारण असते. त्यांचे मिळून २८०. गाडीतले सामान १५०. ट्रेलर जोडण्यासाठी गाडीला बसवून घेतलेली हिच ४५. बेरीज ९५०. अजून २५० पौंड हाताशी आहेत, असे समजून पतिराज निश्चिंत होतात.

परंतु ट्रेलर नुसता मागून येत नाही, तो गाडीवर रेलतोही. त्याच्या पुढच्या टोकाचा जो भार हिचवर पडतो त्याला टंग वेट म्हणतात, आणि तो भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. २,६०० चे १२ टक्के ३१२. हे ३१२ पौंड पेलोडमध्येच मोजायचे असतात. एकूण १,२६२, पट्टीपेक्षा ६२ पौंड जास्त. अशा प्रसंगी सासरे "मी राहतो की घरी" असे म्हणतात, सासूबाई लोणच्याच्या बरणीकडे पाहतात, आणि फाइलमध्ये लाल रंगाचा प्रथमच वापर होतो.

टंग वेट कमी करण्याचा एक सोपा उपाय या गृहस्थाला सुचतो, आणि तो घातक आहे. जड सामान ट्रेलरच्या मागच्या भागात सरकवले की पुढचा भार हलका होतो, पण मग महामार्गावर ट्रेलर डावीकडे-उजवीकडे झुलू लागतो. शेजारून मोठा ट्रक गेला की हे झुलणे वाढते आणि गाडीलाही सोबत घेते. अशा वेळी वेग वाढवून ट्रेलर सरळ करू पाहणे किंवा घाबरून ब्रेक दाबणे, दोन्ही वाईट; पाय एक्सलरेटरवरून काढावा, सुकाणू सरळ धरावे आणि सोय असेल तर हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावावेत. सामानाचा साधारण साठ टक्के भार आसाच्या पुढे असावा, म्हणजे ही वेळच येत नाही. पाच किलो तांदूळ कोठे ठेवायचे, यावर कुटुंबाचे क्षेम अवलंबून असण्याचा असा योग एरवी क्वचितच येतो.

या प्रकारात काही उपजाती आहेत. छोट्या एसयूव्हीचा मालक हा सर्वांत आशावादी. पेट्रोलवरील होंडा सीआर-व्हीची क्षमता १,५०० पौंड, आणि बहुतेक पॉपअप तिच्यापुढे भारी. तरीही तो "सपाट रस्त्यानेच जाणार आहोत" असे सांगतो. हायलँडरवाल्याची अडचण वेगळी: त्याच नावाच्या पेट्रोल गाडीला ५,००० पौंड, हायब्रिडला ३,५००. शेजाऱ्याची तीच गाडी ओढते म्हणून आपलीही ओढेल, हा निष्कर्ष त्यामुळे टिकत नाही. विजेच्या गाडीवाल्याकडे ताकद भरपूर असते, पण ट्रेलर जोडला की एका चार्जमधला पल्ला निम्म्यावर येऊ शकतो, आणि चार्जिंगच्या बऱ्याच जागा ट्रेलरसह शिरता येतील अशा नसतात. तो दर थांब्याला पॉपअप सोडतो, गाडी लावतो, चहा घेतो आणि पॉपअप पुन्हा जोडतो. मोठ्या पिकअपचा मालक या प्रकारात मोडत नाही. त्याला काही मोजावे लागत नाही, म्हणून त्याच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

थोडी जास्त मजबूत हिच बसवली की गाडीची ताकद वाढते, अशी एक समजूत या गृहस्थांत रूढ आहे. पहिल्या वर्गाची हिच २,००० पौंडांपर्यंत, दुसऱ्याची ३,५०० पर्यंत, तिसऱ्याची ८,००० पर्यंत. तिसऱ्या वर्गाची हिच १,५०० पौंडांच्या गाडीला लावली तर गाडी १,५०० चीच राहते, फक्त मागून भारदस्त दिसते. गाडी, हिच, हिचवरचा गोळा, टायर यांपैकी सर्वांत दुबळ्या घटकाची मर्यादा हीच सर्वांची मर्यादा. गोळ्याचे माप ट्रेलरशी तंतोतंत जुळावे लागते: एक पूर्णांक सात अष्टमांश इंच आणि दोन इंच यांत डोळ्यांना फरक दिसत नाही, खड्ड्यात आदळल्यावर दिसतो.

ब्रेकांचा विषय हा गृहस्थ शेवटी काढतो, कारण त्याला खर्च आहे. अनेक राज्यांत ३,००० पौंडांच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, कॅलिफोर्नियात १,५०० पौंडांपासूनच. काही मोटार उत्पादक तर १,००० च्या वर ब्रेक हवेत असे सांगतात. विजेच्या ब्रेकसाठी गाडीत कंट्रोलर आणि सात पिनांची जोडणी लागते, तर मिनिव्हॅनला सहसा चार पिनांची जोडणी मिळते, जिच्यातून फक्त दिवे लागतात. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना कमाल वेग ताशी ५५ मैल. बऱ्याच ट्रेलर टायरांची मर्यादा ६५. मागच्या सीटवरून "बाबा, सगळे आपल्याला ओव्हरटेक का करतात?" हा प्रश्न प्रवासभर येतो.

प्रत्यक्ष खरेदी बहुधा जुन्या पॉपअपची होते. दोन तास गाडी हाकून पेनसिल्व्हेनियातल्या एखाद्या निवृत्त गृहस्थाच्या अंगणात जावे लागते. तेथे तपासायच्या गोष्टी थोड्याच आहेत. छप्पर पूर्ण वर-खाली करून पाहावे, पलंग बाहेर ओढावेत, लाकडी तळ कोपऱ्यांत दाबून पाहावा, टायरवरची तारीख वाचावी. आणि आत शिरून एक दीर्घ श्वास घ्यावा. ओले कापड तसेच घडी केले गेले असेल तर बुरशीचा वास लपत नाही, मग विकणाऱ्याने कितीही लॅव्हेंडर फवारलेले असो. आपला गृहस्थ त्याऐवजी सिंकला पंप आहे का ते पाहतो.

खरेदीनंतर शहाण्या माणसाने ट्रकच्या थांब्यावरील काट्यावर भरलेली गाडी आणि भरलेला ट्रेलर तोलून घ्यावा. थोड्या डॉलरांत प्रत्येक आसाचा भार कागदावर मिळतो. हा गृहस्थ तेथे जातो, पण रिकाम्या ट्रेलरसह. यलोस्टोनचे नियोजनही त्याने केलेले असते. तेथील फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कमध्ये अस्वलांमुळे कापडी भिंतींच्या वाहनांना प्रवेश नाही, हे तो आरक्षण करताना वाचतो. ट्रेलर मागे घेण्याचा सराव रविवारी देवळाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये होतो. सुकाणूच्या तळाशी हात धरून ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूला हात हलवावा, एवढीच यातली विद्या, परंतु बाहेर उभी असलेली पत्नी "अहो, डावीकडे! तुमच्या नाही, माझ्या!" असे ओरडत असल्याने या विद्येचा पूर्ण उपयोग होत नाही.

तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यापर्यंत मुले मोठी होतात, आणि गृहस्थाची नजर ५,००० पौंडांच्या गाडीकडे व तिला साजेशा मोठ्या कॅम्परकडे वळते. पॉपअप विकायला निघतो. जाहिरात तो स्वतः लिहितो: कापड उत्तम, एसी चालू, कोणतीही मिनिव्हॅन सहज ओढेल. वजन २,१०० पौंड.