बंद करून दाखवा

साउथ बेंड, इंडियाना

तीर्थरूप बाबा आणि आई,

परवा फोनवर आईने विचारलं, "घर आहे ना, मंग चाकाचं घर काहून पाहिजे?" उत्तर द्यायला गेलो तर मागून बाबांचा आवाज: "किती टनाचं आहे ते विचार!" म्हणून हे पत्र.

उन्हाळ्यात तुम्ही येणार. आई हॉटेलचं खात नाही, आणि मोटेलवाले खोलीत फोडणी घालू देत नाहीत. म्हणून ट्रॅव्हल ट्रेलर बघतोय. गाडीमागे जोडायचा, आत ओटा, पलंग, फ्रिज, संडास. शेजारचं एल्खार्ट या धंद्याचं गाव, अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर याच भागात बनतात. बाबा, तिथले कितीतरी कामगार आमिश पंथाचे, स्वतःची मोटार न बाळगणारे. घोडागाडीतून फिरणारे लोक हायवेवरची घरं बांधतात!

रस्त्यावर ट्रेलर साडेआठ फुटांपेक्षा रुंद चालत नाही. मुक्कामाला पोचल्यावर बटण दाबलं की सोफ्यासकट भिंत दोन-तीन फूट बाहेर सरकते. ही स्लाइड-आउट. शोरूममध्ये ती कायम उघडीच ठेवतात. विक्रेता हात पसरून ऐसपैस जागा दाखवत होता, तेवढ्यात तुमची सून म्हणाली, "आता बंद करून दाखवा." भिंत घरघरत आत आली. सोफा फ्रिजच्या दाराला टेकला, संडासाचं दार चार बोटं उघडलं. "यातून आई जातील?" तिने मला मराठीत विचारलं. विक्रेत्याला मराठी येत नसावं, पण त्याचा चेहरा पडला.

प्रवासात दिवसभर स्लाइड बंदच राहणार. वाटेत थांबून डबा काढणं, बाबांचं इन्सुलिन, आईचं संडासला जाणं, सगळं भिंत न हलवता जमायला हवं. आपल्या जाम गावच्या चौरस्त्यावर हैदराबादचे आणि चंद्रपूरचे ट्रक वळत असताना कोणी घराची भिंत बाहेर काढील का? ओटाच स्लाइडमध्ये असलेले नकाशेही मी सोडून दिले. तिथे गॅसची नळी भिंतीबरोबर येजा करते. कारखानेवाले निर्धास्त असतील, मी नाही. सध्या मनात भरलाय तो असा: स्लाइडमध्ये फक्त जेवणाचं टेबल आणि बाकडी, फ्रिज समोरच्या भिंतीला, संडास मागच्या टोकाला. बंद असतानाही अंग चोरून तिथपर्यंत जाता येतं. आम्ही दोघांनी जाऊन पाहिलं, सुनेने पर्स घेऊन.

बाबा, आता तुमचं वजन. म्हणजे ट्रेलरचं. स्लाइडची मोटर, रूळ आणि जादा सांगाडा यांनी वजन चांगलंच वाढतं. आमची गाडी 5,000 पौंड ओढते, साधारण 2,270 किलो. पत्रकातला आकडा रिकाम्या ट्रेलरचा असतो. पाणी, भांडी आणि आईच्या लोणच्याच्या बरण्या त्यात धरलेल्या नसतात. शिवाय एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भार पुढे हुकावर यावा लागतो. कमी पडला तर ट्रेलर हायवेवर शेपूट हलवायला लागतो. कापसाची बैलगाडी भरताना ती उलाळ होऊ नये म्हणून तुम्ही गड्यांवर ओरडायचे, तसंच. ते काम इथेही तुमचंच.

दुसरं काम: स्लाइड आत घेण्याआधी तिच्या छपरावरचा पाला-काटक्या झाडायच्या, नाहीतर रबरी पट्ट्या फाटून पाणी गळतं. लांब दांड्याचा झाडू घेऊन देतो. शिडी मिळणार नाही.

आई, चालत्या ट्रेलरमध्ये झोपून जायचा बेत मात्र रद्द कर. बऱ्याच राज्यांत कायद्यानेच मनाई आहे. गाडीत आमच्याबरोबर बसायचं आणि बाबांच्या ड्रायव्हिंगच्या सूचना ऐकायच्या.

पलंग जरा उंच वाटतो. आपल्या दिवाणाची उंची टेपने मोजून कळव. मोजायला बाबांना सांगू नकोस. ते नुसतं बघून आकडा सांगतात आणि मग त्यावरून हटत नाहीत.

तुमचा,
धाकटा