पंधरा दिवसांची माया

परदेशी तरुणांचा गट हैदराबादला उतरतो. चारमिनार पाहतो, बिर्याणी खातो आणि पंधरा दिवस एखाद्या बालगृहात मुलांशी खेळतो. हेतू चांगलाच असतो. पण मुलांच्या खोलीत सोडण्याआधी या तरुणांची चौकशी कोणी केली?

तीन वर्षांची पोर अनोळखी माणसाच्या गळ्यात पडते. पाहुणा विरघळतो. दिसेल त्याला बिलगणं हे हक्काचं माणूस नसल्याचं लक्षण असू शकतं, असं बालमानसतज्ज्ञ सांगत आले आहेत. पाहुणा निघून जातो, दुसरा येतो.

पुन्हा गळ्यात. पुन्हा टाटा.

आणि ही मुलं अनाथ आहेत, हे कशावरून? 1999 मध्ये आणि पुन्हा 2001 मध्ये हैदराबाद, तांडूरकडच्या शिशुगृहांवर कारवाई झाली. लंबाडा (बंजारा) तांड्यांवरच्या तान्ह्या मुली थोडक्या पैशांत उचलून परदेशी दत्तकासाठी आणल्या जात होत्या. आया जिवंत होत्या. मागणी परदेशात होती, म्हणून इथे अनाथ तयार झाले.

स्वयंसेवकांच्या मागणीने वेगळं काय होणार? पाहुण्यांमागून देणग्या येतात. देणग्या हव्यात तर खाटा भरलेल्या लागतात.

आणि त्या चौकशीचं काय? गोरा साहेब म्हणजे देवमाणूस, हा समज मुंबईला फार महाग पडला. कुलाब्याच्या अँकरेज निवाऱ्यात ब्रिटिश नौदलातले दोन माजी अधिकारी मुलांचं लैंगिक शोषण करत होते. 2001 मध्ये प्रकरण फुटलं. मधे उच्च न्यायालयातून ते सुटलेही. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा लागू केली, तेव्हा 2011 उजाडलं होतं.

दहा वर्षांत मुलं मोठी झाली.

आपण तरी काय करतो? वाढदिवसाचा केक घेऊन बालगृहात जातो आणि मुलांचे फोटो ग्रुपवर टाकतो. अशा मुलांची ओळख उघड करणं बालन्याय कायद्याच्या कलम 74 नुसार गुन्हा आहे. फोटो टाकण्याआधी त्या मुलांना कोणी विचारलं होतं?

मूल घरातच राहावं म्हणून सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत पात्र मुलामागे महिन्याला 4,000 रुपये मिळतात. वर्षाचे 48,000. लंडनहून येण्याजाण्याचं तिकीट बहुधा याहून महागच पडतं. तेवढ्या पैशांत एक मूल वर्षभर आईजवळ राहिलं असतं.

ज्यांना घरच नाही, त्यांना रोज रात्री सांभाळणारी तीच मावशी हवी. पैसे द्यायचेच असतील तर तिच्या पगारासाठी द्या, म्हणजे जास्त पगाराच्या नोकरीसाठी ती मुलांना सोडून जाणार नाही.